नुसता चीजकेक

आमच्या नातेवाइकांत माझी ख्याती ‘हिला गोडाचं वावडं आहे’ अशी आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलब्या घेऊन आला की शेजारी बसलेली मंडळी माझ्या वतीनं परस्पर नकार देतात आणि माझ्या वाटणीची जिलबी आपल्या पानात घेतात. यात त्यांची सोय असते आणि माझीही, म्हणून ती ख्याती मी कधी खोडून काढली नाही. पण अधूनमधून, कधी महिन्यानं तर कधी त्याहूनही उशिरा, एखादी संध्याकाळ अशी येते की काही केल्या गोड हवंच असतं. सणवार नसतो, पाहुणे नसतात, कुणाच्या निकालाचे पेढे यायचे नसतात. जेवण झालेलं असतं, ओटा पुसून झालेला असतो, पोटात तिळाएवढीही जागा नसते, आणि तरी जीभ मागत राहते. गूळ-शेंगदाण्यांवर तिची बोळवण होत नाही. डब्यातल्या बेसनाच्या लाडवाला ती ओळख दाखवत नाही. तिचं मागणं ठरलेलं असतं. चीजकेक, आणि तोही नुसता. वर स्ट्रॉबेरी नको, ब्लूबेरीचा पाक नको, चॉकलेटची नक्षी नको.

लहानपणी आमच्या घरात गोड यायचं ते पंचांगातून. पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी, चतुर्थीला मोदक, कोजागिरीला आटवलेलं दूध, संक्रांतीला गुळाची पोळी. कुणाला खावंसं वाटलं म्हणून काही केलं जात नसे, तिथी आली म्हणून केलं जाई. आधी नैवेद्य, मग पानं, मग आग्रह. आग्रहालाही पायऱ्या होत्या. आधी ‘एवढी एक घ्याच’, मग ‘आमची शपथ’, आणि शेवटी न विचारता पानात येऊन पडलेली पोळी. खाणाऱ्याला काय वाटतं हा प्रश्न या सगळ्यात कुणाला पडत नसे. अवेळी गोड मागणाऱ्या मुलाला जंत झाले असणार, असं समजून आजी वावडिंगाचा काढा पुढे करायची. तल्लफ ही चहाची, तपकिरीची, फार तर तंबाखूची. ती मोठ्या माणसांची बाब. मनाला येईल ते मागायची मुभा घरात एकाच व्यक्तीला होती, डोहाळे लागलेल्या बाईला, आणि तिनंही चिंचा-कैऱ्याच मागाव्यात अशी सगळ्यांची अपेक्षा.

शिवाय आमचं जेवण गोडावर संपत नसे. पुरणपोळी असो की श्रीखंड, ते पानातच वाढलेलं, जेवणाच्या ऐन मध्यावर. वरणभातानं सुरू झालेलं जेवण ताकभातावर थांबायचं आणि तोंडात राहायची ती ताकाची आंबट-खारट चव. मग विडा. ताटं उचलून झाल्यावर वेगळ्या बशीत, वेगळ्या चमच्यानं गोड खायचं, ही रीत आमच्याकडे हॉटेलांबरोबर आली. माझी जीभ त्या ताकभातानं घडवली असावी. गोडाच्या सोबतीला थोडं आंबट, थोडं खारट नसेल तर दुसऱ्या घासाला ती कंटाळते. जिलबीचा पाक किंवा गुलाबजाम हे पदार्थ वाईट आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांच्यात गोडाशिवाय दुसरं कुणी नसतं, एवढंच. आणि गोड एकटंच आलं की मला त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही.

भरल्या पोटी गोडाला जागा कुठून होते याचा शोध लोकांनी घेतला आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस अन्नाला कंटाळत नाही, तर नुकत्याच खाल्लेल्या चवीला कंटाळतो. आमटीभातानं तृप्त झालेला माणूस आमटीभाताला नको म्हणेल. वेगळी चव समोर आली की त्याची भूक पुन्हा जागी होते. त्याच्या पुढची गंमत 2025 मध्ये आली. जर्मनीत कलोन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत असं आढळलं की ‘पुरे झालं’ असा निरोप देणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्याच पेशी साखर दिसताच अफूच्या जातीचं एक द्रव्य सोडतात आणि पोट भरलेल्या उंदराला पुन्हा खायला लावतात. म्हणजे दार बंद करायला ठेवलेला पहारेकरीच चोरदरवाजा उघडून देतो. माझी सहानुभूती उंदरांना आहे. पण या संशोधनातून गोड का, एवढंच कळतं. नेमकं अमुकच गोड का, ते ज्याचं त्यानं शोधायचं असतं.

मला ते सापडलं ब्रुकलिनमध्ये. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं मी हडसन नदीच्या पलीकडे, जर्सी सिटीत राहत होते. तिथल्या न्यूअर्क अव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकानं आहेत, मिठाईच्या काचेच्या कपाटांत बर्फीच्या चळती लागलेल्या असतात. त्यांच्यावरून मी रोज निर्विकारपणे जात असे. एका हिवाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर ब्रुकलिनला गेले होते. परतताना फ्लॅटबुश अव्हेन्यू एक्स्टेन्शन आणि डीकाल्ब अव्हेन्यू जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरच्या ज्युनिअर्समध्ये ती मला ओढून घेऊन गेली. हॅरी रोझन यांनी 1950 मध्ये काढलेलं हे हॉटेल. पाट्या नारिंगी, बाकं ऐसपैस, आवाज मोठे, सँडविचं तोंडात मावणार नाहीत एवढी. माझ्या मैत्रिणीनं मला काही विचारलं नाही. वेट्रेसनं मात्र विचारलं, ‘प्लेन?’, आणि मैत्रिणीनं मान हलवली.

बशीत आला तो एक उंच, त्रिकोणी तुकडा. अंगाचा रंग हस्तिदंती, माथ्यावर पातळ तपकिरी कातडी, खाली स्पंजकेकचा बोटाएवढाही जाड नसलेला थर. वर काही नाही, बाजूला काही नाही. इतक्या उघड्याबोडक्या पदार्थाला एवढे पैसे घेतात, हा माझा पहिला विचार. काटा लावला तर तो आधी अडला, मग हळूहळू आत गेला आणि बाहेर निघताना त्याला चिकटून थोडा ऐवज आला. जिभेवर आधी लागतो तो थंडपणा. मग किंचित आंबट. त्याच्यामागून मीठ, इतकं कमी की शंका यावी. लिंबाच्या सालीचा आणि व्हॅनिलाचा वास मागून येतो, कारण लोण्यासारखा स्निग्धांश तो वास धरून ठेवतो आणि तोंडाच्या उबेनं विरघळल्यावरच सोडतो. गोडी सगळ्यांत शेवटी येते, आणि येते तीही दबकत. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, हे त्यामागचं साधं कारण. पण त्या दिवशी मला कारणाशी कर्तव्य नव्हतं. ताकभातावर वाढलेल्या जिभेला परक्या मुलखात आपल्या ओळखीचं कुणी भेटलं होतं. मी काही बोलले नाही. बिनदुधाच्या कॉफीचा घोट घेतला आणि पुन्हा काटा लावला.

एखादा पदार्थ आवडला की त्याचं मूळ-कूळ शोधायची मला खोड आहे. चीजकेकचं कूळ शोधत मागे गेलं तर थेट रोम लागतं. थोरला केटो हा रोमन राजकारणी फार करडा माणूस. उतारवयात कार्थेज नष्ट केलं पाहिजे हा त्याचा घोशा होता. त्यानंच इसवी सनापूर्वी 160 च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिलं, आणि त्यात द्राक्षांचे मळे, गुलामांचा शिधा, बैलांची औषधं या सगळ्यांच्या मध्ये चीज, पीठ, मध आणि अंडं एकत्र करून भाजायच्या ‘साविल्लुम’ नावाच्या पदार्थाची कृती दिली. मातीच्या परातीला तेल लावा, वर झाकण ठेवून भाजा, शेवटी मध लावून खसखस पेरा. मधे एक सूचना आहे जी वाचून मी थबकले. मधला भाग नीट भाजला गेलाय ना ते बघा, कारण तिथे जाडी सर्वांत जास्त असते. दोन हजार वर्षांहून अधिक काळ उलटला. आजही चीजकेक भट्टीत ठेवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्या मधल्या भागापायीच.

युरोपात हा पदार्थ ज्याच्या त्याच्या दुधदुभत्यानं घडला. जर्मनांनी तो क्वार्कचा केला, पोलंडनं त्वारोगचा, इटलीनं रिकोटाचा. ही सगळी ताजी, न मुरवलेली चीजं, आणि त्यांचा पोत थोडा रवाळ. न्यूयॉर्कचा चीजकेक इतका गुळगुळीत झाला तो क्रीम चीजमुळे, आणि ते अमेरिकेतलं. 1870 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाचा दुग्धव्यावसायिक चीजमध्ये जादा साय घालून विकू लागला. 1880 मध्ये एका व्यापाऱ्यानं त्याला ‘फिलाडेल्फिया’ हे नाव लावलं. चीज न्यूयॉर्कचं, नाव दुसऱ्या गावाचं, कारण फिलाडेल्फियाच्या आसपासच्या दुधदुभत्याला तेव्हा बाजारात मान होता. अमेरिकेच्या कायद्यानं आज क्रीम चीजमध्ये किमान 33 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी 55 टक्क्यांच्या वर चालत नाही. चीजकेकची ती जड, जीभ लपेटून टाकणारी घनता या दोन आकड्यांत आहे.

त्या चीजमधून न्यूयॉर्कचा चीजकेक उभा केला तो मुख्यतः युरोपातून आलेल्या ज्यू मंडळींनी. बर्लिनहून आलेल्या लिओ लिंडेमान यांनी 1921 मध्ये ब्रॉडवेवर लिंडीज काढलं. नाटकवाले, जुगारी, बातमीदार असा सगळा निशाचर गोतावळा तिथे जमायचा आणि चीजकेक खायचा. ‘गाइज अँड डॉल्स’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं तेही ज्युनिअर्सप्रमाणे 1950 मध्येच. त्यात या हॉटेलाला मिंडीज केलं आहे. नाटकातला नेथन डेट्रॉइट पैशाच्या अडचणीत असतो, आणि स्काय मास्टरसन या बड्या जुगाऱ्याशी पैज लावायला बघतो. मिंडीजमध्ये जास्त काय खपतं, चीजकेक की स्ट्रूडल? नेथननं दोन्हींचा खप आधीच काढून ठेवलेला असतो. स्काय अर्थातच फसत नाही. ज्या शहरात चीजकेकच्या खपावर जुगार लागू शकतो अशी कल्पना नाटककाराला सुचते, त्या शहराविषयी मला माया वाटते.

लिंडीज काय किंवा ज्युनिअर्स काय, ही हॉटेलं ज्यू धाटणीचं जेवण देणारी, पण सोवळं न पाळणारी. ज्यू धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. पास्ट्रामीच्या सँडविचवर चीजकेक खाणं म्हणजे कर्मठ घरात अब्रह्मण्यम्. आणि गंमत अशी की या पदार्थालाही शेवटी पंचांगानं गाठलंच आहे. मे-जूनच्या सुमारास येणाऱ्या शावुओत या सणाला ज्यू लोक धर्मग्रंथ मिळाल्याची आठवण जागवतात, आणि त्या दिवशी दुधाचे पदार्थ खायची चाल आहे. मांसाचे नियम नुकतेच मिळाले होते, त्याप्रमाणे भांडीकुंडी तयार नव्हती, म्हणून त्या दिवशी दूधदुभत्यावर भागवलं, असा त्याचा एक खुलासा देतात. अमेरिकेतल्या ज्यू घरांत तेव्हा चीजकेक हमखास असतो. माझ्या आजीला हे कळलं असतं तर या पदार्थाकडे ती जरा बऱ्या नजरेनं बघू लागली असती.

आता बुडाविषयी. ज्युनिअर्सचं बूड स्पंजचं असलं तरी अमेरिकेत बहुतेक जण ग्रॅहम क्रॅकर नावाची बिस्किटं चुरून, लोण्यात कालवून तळाशी थापतात. हे नाव सिल्व्हेस्टर ग्रॅहम या एकोणिसाव्या शतकातल्या धर्मोपदेशकाचं. मांस, मसाले, दारू, चमचमीत खाणं यांनी वासना चाळवतात, म्हणून माणसानं कोंड्यासकट पिठाची साधी भाकरी खावी, असा त्याचा उपदेश. त्याचं नाव लावलेलं बिस्किट आज पाऊण किलो क्रीम चीजखाली दबून पडलेलं असतं. आपल्याकडे ग्रॅहम सहज मिळत नाही, म्हणून घरोघरी डायजेस्टिव्ह बिस्किटं चुरतात, आणि तीही मुळात ब्रिटनमध्ये पचनाला बरी म्हणूनच निघाली. आरोग्याच्या दोन्ही बिस्किटांची गत एकच झाली. मी स्वतः मारी वापरते. तिच्यावर कुणाच्या संयमाचं ओझं नाही. 1874 मध्ये लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं रशियाच्या राजकन्येच्या लग्नाप्रीत्यर्थ ती काढली होती.

पुण्याला परतल्यावर मी चीजकेक घरी करू लागले ते नाइलाजानं. तल्लफ रात्री दहाला येते आणि चीजकेक ही चोवीस तासांची गोष्ट आहे, ही त्यातली मोठी अडचण. क्रीम चीज आधी फ्रिजबाहेर काढून मऊ करायचं, नाहीतर गुठळ्या राहतात. साखर, अंडी, थोडी साय, चमचाभर मैदा, लिंबाची साल. सगळं हलक्या हातानं फेटायचं, कारण जोरात फेटलं की हवा भरते, भट्टीत ते फुगतं आणि बाहेर आल्यावर बसतं. मग साचा गरम पाण्याच्या परातीत ठेवून मंद आचेवर भाजायचा. केक म्हणत असले तरी हा अंड्यानं धरलेला दुधाचा पदार्थ आहे. मध्याचं तापमान साधारण 65 अंशांपर्यंत गेलं की पुरे. त्यापुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळत जातात आणि माथ्यावर भेग पडते. कडा धरलेल्या आणि मधला भाग अजून थरथरतोय, अशा अवस्थेत भट्टी बंद करायला जिवावर येतं, पण तेव्हाच करावी लागते. नंतर कडेनं सुरी फिरवून घ्यायची, गार होऊ द्यायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा.

याचा अर्थ मंगळवारी रात्री आलेली तल्लफ मला शनिवार-रविवारपर्यंत सांभाळून ठेवावी लागते. हे मला आता आवडू लागलं आहे. चार दिवसांत जी विझते ती तल्लफ नव्हतीच. दिवसभराचा शिणवटा किंवा कुणाचा तरी राग असतो, आणि त्यावर झोप हा उतारा पुरतो. जी टिकते तिच्यासाठी खटाटोप करायला मला काही वाटत नाही. घरात साखरेचा आजार आहे, त्यामुळे हा खटाटोप वरचेवर होत नाही हेही बरंच आहे. रोज फ्रिज उघडला की समोर चीजकेक दिसला असता तर तिसऱ्या दिवशी मी त्याला लाडवाच्या रांगेत बसवलं असतं.

एवढा धीर सगळ्यांनाच धरवत नाही. ‘फ्रेंड्स’ मालिकेत 2001 चा एक भाग आहे. शेजारणीच्या नावाचं चीजकेकचं पार्सल चुकून चँडलरच्या दारात येतं, तो आणि रेचेल ते खाऊन टाकतात. पुढचं पार्सल येतं तेव्हा दोघं तेही लांबवतात आणि शेवटी जिन्याजवळ सांडलेला चीजकेक जमिनीवर बसून काट्यानं खातात. पुण्यात आमच्या सोसायटीत पार्सलं खालच्या पहारेकऱ्याकडे ठेवायची पद्धत आहे. ती चांगली आहे.

मध्यंतरी कोथरूडची आत्या राहायला आली होती. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून तल्लख. अंडं तिला केकमध्ये चालतं, आम्लेटात चालत नाही, आणि या तर्काला आमच्या घरात कुणी हात लावत नाही. तिला एक पातळ तुकडा दिला. तिनं तो बराच वेळ तोंडात घोळवला.

‘‘अगं, मीठ घातलंयस ना यात?’’

‘‘मी नाही घातलं आत्या, त्या चीजमध्येच असतं.’’

‘‘असेना का. पुरणातसुद्धा चिमूटभर घालावं. नाहीतर गोड नुसतं गोडच लागतं.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘आणि हे भाजलंयस की उकडलंयस?’’

पाण्याच्या परातीची हकिकत सांगितली. ‘‘म्हणजे खरवसासारखंच की,’’ ती म्हणाली आणि विषय संपवला. मी आग्रह केला नाही. तिनं हात लांब करून दुसरा तुकडा स्वतःच घेतला. आत्यानं न वाढलेलं काही उचलून घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

क्रीम चीज महाग, म्हणून चक्क्याचा चीजकेक करणारे पुष्कळ आहेत. मी तो खाल्ला आहे, चांगला लागतो. पण चक्क्यात पाणी जास्त, स्निग्धांश कमी आणि आंबटपणा मोकाट. त्यामुळे भाजल्यावर तो जरा फाटल्यासारखा होतो आणि जिभेवर रेंगाळत नाही. मला विचाराल तर उत्तम चक्का हाताशी असताना त्याचं श्रीखंड न करणं हा चक्क्यावर अन्याय आहे. ओडिशातला छेनापोड मात्र वेगळा. छेना, साखर, थोडा रवा साल वृक्षाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजतात, बाहेरची साखर करपते आणि त्या करपण्यालाच चव असते. त्याला ‘भारतीय चीजकेक’ म्हणायची सध्या फॅशन आहे. त्याची गरज नाही. त्याचं नाव त्याला पुरेसं आहे.

माझं भांडण आहे ते वेगळ्याच मंडळींशी. पुण्या-मुंबईच्या केकच्या दुकानांत आता रसमलाई चीजकेक मिळतो, गुलाबजाम चीजकेक मिळतो, गणपतीत मोदक चीजकेक येतो. मागवून पाहिले आहेत. गुलाबजाम चीजकेकमध्ये गुलाबजाम स्वतःचा पाक घेऊन येतो आणि चीजचा आंबटपणा त्यात बुडून जातो. मग दोघांपैकी कुणीच धड बोलत नाही. लोकांना नवलाई हवी असते, दुकानदारांना फोटोत रंग हवा असतो, हे मला समजतं. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. वर पाक ओतला की खालची भेग दिसत नाही, फळं रचली की आतली गुठळी कळत नाही. नुसत्या चीजकेकला लपायला जागाच नसते. चीज शिळं असेल, साखर चार चमचे जास्त झाली असेल, भट्टीतून दहा मिनिटं उशिरा निघाला असेल, तर पहिल्याच घासाला उघडं पडतं. म्हणून एखाद्या दुकानाची परीक्षा घ्यायची असेल तर मी तिथला नुसता चीजकेक मागते. बहुतेक ठिकाणी तो नसतोच.

जळका चीजकेक म्हणून जो सध्या सगळीकडे दिसतो त्याला मात्र मी सूट दिली आहे. स्पेनच्या बास्क प्रांतात सान सेबास्तियान शहरात ला विन्या नावाचं छोटं मद्यगृह आहे. तिथल्या सांतियागो रिवेरा यांनी 1990 च्या सुमारास तो काढला. बूड नाही, पाण्याची परात नाही. भट्टी इतकी कडक की माथा काळपट होतो आणि आतलं मिश्रण वाहायच्या बेतात राहतं. चीजकेकचे सगळे नियम मोडून तो नुसताच राहिला आहे. वर काही ओतायचा मोह त्यांना झाला नाही, करपलेल्या साखरेचा कडवटपणा हीच त्यांनी घातलेली एकमेव भर. आपल्याकडे आल्यावर त्यावरही चॉकलेट ओतायला सुरुवात झाली आहे, ते मी डोळ्यांआड करते.

तेव्हा तुम्हालाही कधी अशी बिनतिथीची, बिनपाहुण्यांची तल्लफ आली आणि चार दिवस टिकली, तर एकदा नुसता मागून बघा. घरी केलात तर फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मग कापा, तुकडा लहान घ्या. दुकानात गेलात तर काउंटरवरच्या मुलाला स्पष्ट सांगा, वर काही नको. तो दोनदा विचारेल, स्ट्रॉबेरी तरी घ्या म्हणेल. बधू नका. वरचं काही न घेतल्यामुळे बिलात रुपयाही कमी होत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.